टोपी कशाची, केवढी, कशी?

बालमित्रांनो, गेल्या खेपेला आपण जुनं कुलूप खोलून पाहिलं होतं. यावेळी खोलायला काही नाही. यावेळची वस्तू तुमच्या घरात एखाद्या खुंटीवर, नाहीतर आजोबांच्या कपाटात घडी होऊन पडलेली असेल. टोपी! आणि आज मी तुम्हाला माझीच एक फजिती सांगणार आहे. फजिती म्हणजे काय, चांगला गुन्हाच होता तो.

मी तेव्हा सातवीत होतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही खाप्याला जायचो, आबाजींकडे. आबाजी म्हणजे माझे आजोबा. आमच्याकडे नागपूरच्या बाजूला आजोबांना आबाजी म्हणतात. खापा हे नागपूर जिल्ह्यात सावनेर तालुक्यातलं, कन्हान नदीच्या काठचं गाव. जुनं विणकरांचं गाव. आबाजींच्या घरातही हातमाग होता. दुपारी सगळं गाव उन्हानं चिडीचूप झालं, की मागाची खटक-खटक तेवढी ऐकू यायची.

आबाजींकडे दोन टोप्या होत्या. एक पांढरी, खादीची, रोजची. दुसरी काळी, फेल्टची. ती लग्नकार्याला आणि थंडीत. ती काळी टोपी त्यांच्या थोरल्या भावानं नागपूरहून आणून दिली होती, आणि ते भाऊ आता राहिले नव्हते. म्हणून ती टोपी कागदात गुंडाळून पेटीत असायची.

दोन दिवसांवर एक लग्न आलं होतं. आजी म्हणाली, "आबाजीची टोपी धुऊन टाक रे." कुठली ते ती बोलली नाही आणि मी विचारलं नाही. मी दोन्ही घेतल्या! बंबातलं कढत पाणी घेतलं, त्यात धुण्याचा सोडा टाकला, आणि दगडावर दोन्ही टोप्या अशा काही घासल्या, की बस. शाबासकी मिळणार याची मला खात्रीच होती.

पांढरी टोपी वाळून झकास झाली. काळी मात्र... मुलांनो, काळ्या टोपीचा वाडगा झाला होता. जाड, टणक आणि बारकी. आबाजींनी ती डोक्यावर ठेवून पाहिली. ती नुसती टाळूवर बसली. घरातले सगळे गप्प झाले आणि मी रडायला लागलो.

आबाजी रागावले नाहीत. टोपी उलटी करून त्यांनी आत पाहिलं आणि मला जवळ बोलावलं. "कायले रडून राह्यला बे पोट्ट्या? रडल्यानं टोपी मोठी होत असते काय? इकडं ये. हे पाह्य, आतलं अस्तर होतं तेवढंच हाये. वरचं आटलं. मंग दोघायच्यात काही फरक असंन का नाही?"

खरंच की! आतलं सुती अस्तर तेवढंच राहिलं होतं आणि आता जागा पुरेना म्हणून आत चुरगळून गोळा झालं होतं. एकच पाणी, एकच सोडा, एकच दगड. पांढरी टोपी वाचली, अस्तर वाचलं, काळी टोपी तेवढी आटली. असं का व्हावं?

त्या दुपारी आबाजींनी माग बंद ठेवला आणि मला तीन प्रश्न विचारले. टोपी केवढी? टोपी कशाची? टोपीचा आकार कसा टिकतो? तेच तीन प्रश्न आज तुमच्यापुढे ठेवतो.

टोपी केवढी?

आबाजींनी मागाजवळचं एक सूत घेतलं. ते आपल्या डोक्याभोवती गुंडाळलं, कपाळाच्या मध्यावरून, कानांच्या जरा वरून, आणि मागं डोक्याचा जो भाग सगळ्यात बाहेर येतो त्यावरून. मग सूत फुटपट्टीवर ठेवलं. बरोबर २२ इंच. आटलेल्या टोपीच्या आतून सूत फिरवलं, तर सव्वावीस! म्हणजे माझ्या हातून पावणेदोन इंच गेले होते.

टोपीचं माप असंच घेतात, डोक्याच्या घेराचं. आपल्याकडे टोप्यांवर हा आकडा इंचांत किंवा सेंटिमीटरमध्ये असतो. बहुतेक मोठ्या माणसांचं डोकं ५४ ते ६० सेंटिमीटरमध्ये बसतं. सूत घट्ट ओढू नका आणि खाली लोंबू देऊ नका. एक बोट आत जाईल एवढं सैल ठेवलं, की माप नेमकं येतं.

आता गंमत बघा. अमेरिकेत साहेबी हॅटवर ७ असा आकडा असतो. सात काय? सात इंचांचं डोकं तर बाहुलीचं! पण तुम्हाला वर्तुळाचा परीघ शिकवला आहे ना? परीघ भागिले पाय म्हणजे व्यास. आबाजींचा घेर २२ इंच. पायची किंमत आपण २२/७ धरतो. मग व्यास किती आला? बरोब्बर ७! म्हणजे आबाजींना अमेरिकेत ७ नंबरची हॅट लागली असती. इंग्लंडमधला नंबर यापेक्षा एक अष्टमांश कमी असतो, म्हणजे तिथं हीच हॅट सहा पूर्णांक सात अष्टमांश. फ्रान्सकडे सरळ सेंटिमीटर वापरतात, तिथं ती ५६ नंबरची.

पण या गणितात एक लबाडी आहे. आपलं डोकं वर्तुळ नाही. आरशासमोर उभं राहून पाहा, ते कानाकडून कानाकडं अरुंद आणि कपाळाकडून मागं लांब असतं. म्हणून घेर सारखा असला तरी एकाची टोपी दुसऱ्याला नीट बसेलच असं नाही. एखाद्याच्या कपाळाला ती टोचते आणि कानांपाशी फट राहते. माप बरोबर, पण आकार चूक!

आणि ज्याला मापच लागत नाही असं एक शिरस्त्राण आपल्याकडे आहे. फेटा! तो म्हणजे कित्येक मीटर लांब सरळ कापड. ज्याच्या डोक्यावर बांधाल त्याच्या मापाचा होतो. बापाचा फेटा मुलाला येतो. पुणेरी पगडी मात्र तशी नाही. ती एकदा बांधून, शिवून तयार केलेली असते आणि टोपीसारखी उचलून डोक्यावर ठेवायची असते. म्हणून पगडीला पुन्हा माप आलं. या पुणेरी पगडीला २००९ साली भौगोलिक उपदर्शन, म्हणजे जीआय मिळालं आहे.

टोपी कशाची?

आता मुख्य गोष्ट. आबाजींनी पांढरी टोपी उजेडाकडं धरली. "काय दिसते?" उभे आणि आडवे धागे दिसत होते. ताणा आणि बाणा. धागा कुठं जाड, कुठं बारीक. मग काळी टोपी धरली. मी कितीही डोळे फाडले तरी एकही धागा दिसेना! विणलेलीच नव्हती ती.

फेल्ट म्हणजे लोकर, पण कातलेली नाही आणि विणलेलीही नाही. लोकरीचे तंतू एकमेकांत गच्च अडकवून केलेला थर. आपल्याकडचे धनगर घोंगडी विणतात हे तुम्हाला ठाऊक असेल. पण तेच धनगर जेनही बनवतात, आणि जेन विणत नाहीत. लोकर पसरायची, पाणी मारायचं, गुंडाळायची आणि रगडायची. रगडून रगडून लोकरीचा एकसंध थर तयार होतो. काळी टोपी म्हणजे याच जातीचा, पण मऊ आणि बारीक माल.

लोकर अशी गच्च का होते? एक प्रयोग करा. डोक्याचा एक लांब केस घ्या. मुळाकडून टोकाकडं चिमटीतून ओढा, गुळगुळीत लागेल. आता टोकाकडून मुळाकडं ओढा. जरा खरखरीत लागेल, अडकल्यासारखं होईल. केसावर बारीक खवले असतात, कौलारू छपरावर कौलं असतात तसे, एकावर एक आणि सगळे टोकाकडं तोंड करून. मेंढीची लोकर म्हणजेही केसच. तिच्यावरही हे खवले. कोमट-कढत पाणी, साबण आणि रगडणं, तिन्ही एकत्र आली की तंतू सरकतात, खवले एकमेकांत अडकतात, आणि परत फिरायची वाट बंद होते! कौलं जशी एकाच बाजूनं रचलेली, तसा हा प्रवासही एकाच दिशेचा.

आता कळलं ना मी काय केलं होतं? कारखान्यात फेल्ट जशी बनवतात, अगदी तेच मी दगडावर केलं! आबाजी म्हणाले, "तू टोपी धुतली नाही बापा, तू तिले पुन्हा बनवली. बारकी बनवली, एवढंच."

सुताच्या तंतूवर असे खवले नसतात. म्हणून अस्तर आणि पांढरी टोपी सुटली. नवीन सुती कापडही पहिल्या धुण्यात थोडं आटतं, ते वेगळ्या कारणानं. विणताना धागे ताणलेले असतात, पाण्यात ते सैलावतात. म्हणून चांगला शिंपी कापड आधी भिजवून, वाळवून मगच टोपी बेततो.

टोप्या आणखी कशाकशाच्या असतात? इंग्रजांच्या काळातली सोला हॅट तुम्ही चित्रात पाहिली असेल. ‘सोलर’ नाही हं, ‘सोला’! सोला हे पाणथळ जागेत वाढणाऱ्या वनस्पतीचं नाव. तिचा गाभा म्हणजे आपलं भेंड, ज्याची पांढरीशुभ्र बाशिंगं करतात. भेंडात हवा भरलेली असते, म्हणून वजन नाही आणि ऊनही आत येत नाही. नागपूरच्या मे महिन्यात याची किंमत कळते! शिवाय गवताच्या हॅट असतात. पनामा हॅट दिसायला तशीच. पण ती पनामाची नसून इक्वेडोर देशातली आहे. पनामा बंदरातून जगभर जायची, म्हणून तिला ते नाव पडलं. आणि हल्लीच्या क्रिकेटच्या टोप्यांवर बरेचदा पॉलिएस्टर असतं.

मग टोपी हातात आल्यावर ओळखायची कशी? आधी डोळ्यांनी पाहा. धागे दिसतात का? दिसत नसतील तर बहुधा फेल्ट. मग बोटांनी पाहा. चोळून ऊबदार, जरा टोचरी लागली तर लोकर. मग पाण्याचा एक थेंब टाका. धुतलेलं सुती कापड तो चटकन पितं, पॉलिएस्टरवर तो बरेचदा रेंगाळतो.

शेवटची परीक्षा विस्तवाची, आणि ती घरातल्या मोठ्या माणसानंच करायची. शिवणीच्या आतला एकच धागा घ्यायचा. चिमट्यात धरायचा, खाली स्टीलची ताटली, जवळ पाणी. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचा, आणि मागं हलकी करडी राख राहते. लोकर आणि रेशीम जळक्या केसांसारखी घाण मारतात, आक्रसतात, आणि उरलेला काळा मणी बोटानं चुरता येतो. पॉलिएस्टर ज्योतीपासून मागं सरकतं, वितळतं, आणि त्याचा कडक मणी होतो. तो गार झाल्यावरही चुरत नाही. वितळलेला थेंब हाताला चिकटून भाजतो, म्हणून ही परीक्षा एकट्यानं कधीही करायची नाही.

ही विद्या मला एकदा चांगली उपयोगी पडली. मोठेपणी मी एका जत्रेत पांढरी टोपी घेतली. विक्रेता छातीवर हात ठेवून म्हणाला, "शुद्ध खादी!" घरी आलो, एक धागा पेटवला, आणि धागा वितळला! ‘टोपी घालणे’ म्हणजे फसवणे, हा वाक्प्रचार मी शाळेत पाठ केला होता. त्या दिवशी तो अर्थासकट डोक्यात बसला.

यात हसण्यासारखं आहे, तसं वाईट वाटण्यासारखंही आहे. खादी म्हणजे हातानं कातलेलं सूत हातमागावर विणलेलं. गिरणीचं सूत आणून हातमागावर विणलं तर ते हातमागाचं कापड, खादी नव्हे. आमच्या आबाजींचं कापड असंच असायचं आणि ते स्वतः कुणालाही "ही खादी हाये" असं सांगत नसत. यंत्रमागावर विणलं ते तिसरंच. शिवाय पॉलिवस्त्र म्हणून एक प्रकार आहे, त्यात पॉलिएस्टर मिसळलेलं असतं. कुठलंच कापड वाईट नाही. पण एकाच्या नावावर दुसरं विकलं, की दिवसभर मागावर बसणाऱ्या माणसाच्या पोटावर पाय येतो. खाप्यात एके काळी घरोघरी ऐकू येणारी खटक-खटक कमी होत गेली, त्याला कारणं बरीच आहेत. पण गिऱ्हाइकाला फरक ओळखता येत नाही, हेही त्यातलं एक. म्हणूनच २००६ साली हातमागाचं चिन्ह आलं आणि २०१३ साली खादी मार्कचे नियम झाले. विकत घेताना चिठ्ठी वाचायची सवय लावा.

आकार कसा टिकतो?

परत आमच्या अंगणात चला. संध्याकाळी आबाजी म्हणाले, "चाल, पाहू काही जमते का."

टोपी बनवणाऱ्यांकडं डोक्याच्या आकाराचा लाकडी साचा असतो. त्याला कलबूत म्हणतात. आमच्याकडं कलबूत कुठला! आबाजींनी एक लोटा पालथा घातला आणि त्यावर चिंध्या गुंडाळायला सुरुवात केली. मध्ये मध्ये सूत फिरवून माप बघायचे. पुढं आणि मागं चिंध्या जास्त, बाजूंना कमी. का ते सांगा पाहू? बरोबर, डोकं लांबट असतं म्हणून!

गंजात पाणी उकळत ठेवलं. आमच्याकडं पातेल्याला गंज म्हणतात बरं का. आबाजींनी टोपी चिमट्यात धरून वाफेवर फिरवली. टणक झालेली फेल्ट हळूहळू मऊ पडली. मग ती लोट्यावर चढवून दोन्ही हातांनी खाली ओढली, दाबली, आणि काठाला दोरी करकचून बांधली. पुन्हा वाफ, पुन्हा ओढ. मला जवळ येऊ दिलं नाही, कारण वाफेनं भाजलेलं पाण्यानं भाजल्यापेक्षाही वाईट.

वाफेनं लोकर मऊ का होते? सकाळी उठल्यावर तुमचे केस एका बाजूला उभे राहिलेले असतात ना? पाणी लावलं की बसतात, आणि वाळले की तसेच राहतात. लोकरीचंही तसंच. वाफ मिळाली की ती आपला आधीचा आकार सोडते, आणि गार होऊन वाळताना जो आकार असेल तो धरून ठेवते. मोठमोठ्या किमतीच्या साहेबी हॅटही अशाच कलबुतावर, वाफेवर घडवतात.

पांढऱ्या टोपीला ही युक्ती चालत नाही. सुताला आकार धरून ठेवता येत नाही, म्हणून त्याला खळ लागते. आजी भाताची पेज गाळून त्यात पांढरी टोपी बुडवायची, आणि अर्धवट ओली असताना घडी घालून जड पाटाखाली ठेवायची. सकाळी टोपी कशी कडक, होडीसारखी! विणकर विणण्याआधी ताण्याच्या धाग्यांना खळ देतात, ती अशाच कामाची. धागा ताठ राहतो, तुटत नाही. म्हणजे आमच्या घरात मागावरचा धागा आणि डोक्यावरची टोपी, दोन्ही खळीवर उभी!

फेल्टच्या टोप्यांची एक दुःखाची गोष्टही आहे. युरोप-अमेरिकेत भारी हॅट सशाच्या नाहीतर बीव्हर नावाच्या प्राण्याच्या केसांपासून करत. हे केस नीट गच्च व्हावेत, म्हणून त्यांना पाऱ्याचं एक संयुग लावायचे. कोंदट कारखान्यात पाऱ्याची वाफ कामगारांच्या छातीत जाई. त्यांचे हात थरथरत, बोलणं अडखळे, स्वभाव चिडका आणि बुजरा होई. लोक हसायचे. ‘टोपीवाल्यासारखा वेडा’ असा इंग्रजीत वाक्प्रचारच आहे. वेडे नव्हते ते बिचारे, विषबाधा झालेली होती. अमेरिकेत टोप्यांच्या धंद्यातला हा पाऱ्याचा वापर थांबायला १९४१ साल उजाडलं.

एक साधी टोपी

आबाजींच्या पांढऱ्या टोपीबद्दलही दोन शब्द. गांधीजींनी ही टोपी कशी ठरवली, ते काकासाहेब कालेलकरांनी लिहून ठेवलं आहे. गांधीजींनी देशातल्या निरनिराळ्या शिरस्त्राणांचा विचार केला. फेट्या-पागोट्यांना कापड फार लागतं. काश्मिरी टोपी त्यांना पसंत पडली, कारण ती हलकी, करायला सोपी, आणि घडी करून खिशात मावते. पण ती लोकरीची. आपल्या उन्हात लोकर कशी चालणार? म्हणून सुती. आणि रंग पांढरा, का? तर मळ लगेच दिसतो, म्हणजे धुवावीच लागते! बघा, माप, माल आणि आकार, तिन्ही प्रश्नांचा विचार त्यात आहे.

डिसेंबर १९२० मध्ये काँग्रेसचं अधिवेशन नागपूरला भरलं आणि तिथं असहकाराचा ठराव पक्का झाला. त्यानंतर ही टोपी गावोगाव पसरली. पुढं १९२३ साली नागपुरात झेंडा सत्याग्रह झाला. सरकारी कचेऱ्यांत आणि न्यायालयांत या टोपीवरून कितीतरी खटके उडाले. एवढ्याशा कापडानं एवढं मोठं सरकार चिडलं! आणि गंमत म्हणजे खुद्द गांधीजींनी सप्टेंबर १९२१ मध्येच टोपी घालणं सोडलं. कापड आणखी वाचवायचं म्हणून. म्हणून तर त्यांच्या बहुतेक चित्रांत डोक्यावर ‘गांधी टोपी’ नसते.

शेवटी काय झालं?

काळी टोपी रात्रभर लोट्यावर राहिली. सकाळी आबाजींनी दोरी सोडली, सूत फिरवलं. एकवीस इंच! सव्वावीसची एकवीस झाली होती. मला वाटलं, अजून एकदा वाफ देऊ, बावीस होईल. आबाजींनी मान हलवली. "आता आणखी ओढली तर फाटंन. जेवढी आली तेवढी आली."

लग्नाला ते पांढरी टोपी घालून गेले. कुणी काही विचारलं नाही. पण पेटी उघडताना त्यांचा हात क्षणभर थांबलेला मी पाहिला होता. तो मला अजून आठवतो.

सुट्टी संपून आम्ही निघालो, तेव्हा आबाजींनी सूत काढलं आणि माझ्या डोक्याभोवती फिरवलं. पावणेएकवीस. मग ती काळी टोपी माझ्या डोक्यावर ठेवली. ना घट्ट, ना सैल. "ठेव तुझ्यापाशी," ते म्हणाले. "फक्त एक ध्यानात ठेव. आधी वळखायचं, मंग हात लावायचा."

दोन वर्षं ती मला बसली. मग माझं डोकं वाढलं. टोपी आता माझ्या कपाटात आहे, डांबराच्या गोळ्यांसोबत, कारण लोकरीला कसर लागते. आतलं अस्तर अजून चुरगळलेलंच आहे. ते मी मुद्दाम सरळ केलेलं नाही.

करून पाहा

१. घरातल्या सगळ्यांच्या डोक्याची मापं सुतानं घ्या आणि वहीत लिहा. इंचांतला आकडा ३.१४ ने भागून प्रत्येकाचा अमेरिकन हॅट नंबर काढा. जवळच्या अष्टमांशात बसवा.

२. त्याच मापाचा खरा उपयोगही करा. दुचाकीच्या हेल्मेटवर सेंटिमीटरमध्ये नंबर असतो. तुमच्या आईबाबांचं हेल्मेट त्यांच्या मापाचं आहे का? डोकं हलवल्यावर हेल्मेट वेगळं हलत असेल तर ते मोठं आहे, आणि मोठं हेल्मेट ऐन वेळी निसटतं. खाप्याजवळ गुमगावला मँगनीजची खाण आहे. अशा खाणींत हेल्मेटशिवाय पाऊल टाकता येत नाही. रस्त्यावर तरी का टाकावं?

३. आजोबांच्या किंवा पणजोबांच्या काळची एखादी टोपी, फेटा, पगडी घरात असेल तर ती कशाची आहे ते डोळ्यांनी आणि बोटांनी ओळखा. ती कुणी आणली, कधी घालायचे, ते घरातल्या मोठ्यांना विचारा आणि आम्हाला लिहून कळवा.

मात्र धुवायला घेऊ नका. निदान विचारल्याशिवाय तरी नको!